मेजावर एका वेळी एकच डबा

तळघरातल्या फळीवर ओडेलचे अकरा डबे.
काहींवर त्याचं तिरकं अक्षर, काहींवर नुसती तारीख,
आणि एका लोणच्याच्या बरणीत
करडे दाणे. चिठ्ठी नाही, काही नाही.

दारू त्याने आयुष्यात दोन प्रकारची केली.
पिण्याची सोडली ब्याऐंशीच्या हिवाळ्यात, एका रात्रीत.
ही दुसरी, काडतुसांत भरायची,
ती मात्र वाढतच गेली:
प्रत्येक रायफलीला वेगळी,
गोळीचं वजन बदललं की आणखी वेगळी,
जणू जावाजावांना एकमेकींचं भांडं चालत नाही.

आता माझ्याकडे तीन रायफली.
त्याची थर्टी-ऑट-सिक्स, खांदा सुजवणारी.
माझी टू-फॉर्टी-थ्री, हरणापुरती.
आणि सोल्वेगची थ्री-ओ-एट,
जिचा दस्ता नातीला अजून दोन बोटं लांब पडतो.
वय एकाहत्तर. डोळे असे.
अकरा डबे नकोत मला. एक हवा.

गावात व्हर्गिल स्पूनरचं दुकान, बाहेर बर्फ, आत डिझेलचा हीटर.
तो म्हणाला, व्हर्ला, सगळ्यांना चालेल अशी म्हणजे
एक ना धड, भाराभर चिंध्या.
म्हटलं, त्रेचाळीस वर्षं मी
एका माणसाबरोबर काढली आहेत, व्हर्गिल.
‘चालेल’ला किती वजन असतं
ते मला नको शिकवूस.

त्याने तीन डबे मांडले.
पहिली गोळीदार, मापातून पाण्यासारखी उतरते,
पण हवेप्रमाणे स्वभाव बदलते:
सप्टेंबरच्या उन्हात एक,
नोव्हेंबरात, नाकातला श्वास गोठतो तेव्हा, भलतीच.
दुसरी चपळ. चिमूटभर पुरते.
कवच अर्धं रिकामं राहतं,
आणि लक्ष चुकून दोनदा भरली
तरी वरून पाहणाऱ्याला कळत नाही.
तिसरी मधल्या चालीची, लांबट,
शेवयांच्या चुऱ्यासारखी,
मापाच्या दांड्याखाली करकरत तुटणारी.
कवच गळ्याशी भरत आणते.
दोनदा ओतली तर मेजभर सांडते.

हीच दे, मी म्हटलं.
जास्त झालं की बोलून दाखवणारं
आमच्या घरात फारसं काही नव्हतं.

रात्री पुस्तक काढलं, चष्म्यावर भिंग धरून.
तिन्ही पानांवर तिचं नाव होतं,
पहिल्या ओळीत कुठेच नाही.
सोल्वेगला दाखवलं: सुरुवात खालच्या आकड्यापासून,
वरच्यापासून कधीच नाही,
आणि मेजावर एका वेळी एकच डबा.
हा नियम आजोबांचा.
त्यांनी पाळला का?
अकरा वेळा.

मग तिने बरणी उचलली. ही कुठली?
माहीत नाही.
वासावरून?
नाही.
रंगावरून? आजोबांना कळलं असतं ना?
त्यांनाही नसतं कळलं. म्हणून तर भरलेली राहिली.

काटा थरथरत शून्यावर थांबायची वाट पाहताना
ती श्वास रोखून बसते, सोनारासारखी,
आणि नरसाळ्यातून दाणे उतरतात
तो आवाज, कोरड्या पानांवरून उंदीर गेल्याचा,
मी शेजारच्या खोलीतून इतकी वर्षं ऐकला होता.
जवळून पहिल्यांदाच.

शनिवारी शंभर यार्डांवर कागद लावला.
ओडेलच्या रायफलीने तीन भोकं पाडली, चहाच्या बशीएवढ्यात.
त्याच्या खास दारूने ती नाण्याखाली झाकली जायची,
हे सांगायला तो असता तर सांगितलंच असतं.
माझीने बरं केलं.
सोल्वेगचा पहिला बार कुठे गेला देव जाणे,
पुढचे चार हरणाच्या छातीत मावले असते.

परतताना बरणी कुंपणाकडेला रिकामी केली,
मुठीमुठीने, वाऱ्याकडे पाठ करून,
चुलीपासून आणि विचारांपासून लांब.
गवताला खत होतं म्हणतात.

मे महिन्यात तिथे एक पट्टा उगवला,
बाकी कुरणाहून गडद, गुडघाभर उंच,
सुमारे माणसाच्या लांबीचा.
कुठली होती ते अजून माहीत नाही.