पाच नंबरची काच

हिवरदऱ्याच्या शाळेच्या स्लॅबवर
नागपूरवाल्यांनी आठ काचा लावल्या,
नखाएवढ्या, पिकल्या जांभळाच्या रंगाच्या.
माझं काम: पहाटे कोरड्या फडक्यानं पुसायच्या,
दर तासाला आकडा लिहायचा.

मे महिन्यात सेहेचाळीस.
बाजूचं जुनं सिलिकॉन दुपारी धापा टाकते.
ऊन जास्त, वीज कमी.
"असं कसं वो?" कवडूमामा विचारते.
"तुमी नाई का बाजेवर पडत," मी म्हणते.

नव्या काचा तेवढ्या दमत नाहीत.
पाच नंबरची सोडून.
दोन दमट रात्रींनंतर
तिच्या कडेला पिवळं चढलं,
कोणी हळदीचं बोट पुसावं तसं.

फोनवर मॅडम म्हणाल्या, चंद्रकला, ती काढून टाक.
काढली नाही.
तिच्या रकान्यात शून्य लिहित होते.
आज पुसल्यावर मीटर दोनावर गेलं,
म्हणून दोन.