नववी ओळ

सावद्याच्या संघात भारंबेबाई रोज सकाळी
अक्षर लहान करतात.
दुसऱ्या दिवशी पासवर्ड टाकला की पुन्हा मोठं,
आणि प्रिंटर त्या खोलीतला
जी पाडून दोन वर्षं झाली.

"भो, राती कोण बदलतं रे हे?"

राती कोणी नसतं.
माझ्या नावानं आत गेलो: ठीक.
त्यांच्या नावानं: केळीच्या घडाएवढं.
म्हणजे मशीन धड.
काहीतरी उंबरठ्यावरच बसलंय.

बाहेर पंचेचाळीस अंश, सर्व्हरच्या खोलीत तेवढा गारवा.
फाईल सापडली, चौदा ओळींची,
फिरके सरांनी लिहिलेली. ते आता मुलाकडे, पुण्याला.
नवव्या ओळीला शेरा, इंग्रजी अक्षरांत आपली बोली:
झोपेअण्णाले दिसत नही, मोठं ठेवजा.

अण्णांची खुर्चीसुद्धा भंगारात गेली.
सगळं ऑफिस मात्र
अजून त्यांच्या डोळ्यांनी वाचत होतं.

प्रिंटरची ओळ पुसली.
नववी पुसवेना. तिच्यापुढे खूण केली,
यंत्रानं वाचू नये, माणसानं वाचावी अशी.

सकाळी बाई बसल्या. अक्षर बारीक.
काही बोलल्या नाहीत.
थोड्या वेळानं खुर्ची पुढे ओढली,
मग चष्मा पुसला.