हे कर्ज नव्हे

युटिकाच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर, मी दुभाष्या.
माझं काम एवढंच:
बोललेलं पलीकडे पोचवायचं,
वाटेत काही सांडू द्यायचं नाही,
पदरचं काही घालायचं नाही.

सेनाडा हुकिच, वय एकसष्ट.
त्राव्निकहून आली तेव्हा पिशवीत
हातभर लांब लाटणं, बाकी जवळपास काही नाही.
वीस वर्षं बेकरी चालली. मग भट्टी बिघडली.
बँक सहा आठवडे ‘बघू’ म्हणत राहिली,
आणि फोनवरच्या एका गोड मुलाने
एका दुपारीत चाळीस हजार डॉलर खात्यात टाकले.

करारात, पहिल्याच पानावर, जाड ठशात:
हे कर्ज नव्हे.
ही खरेदी आहे. कंपनीने विकत घेतली आहे
तुमची पुढची विक्री, अठ्ठावन्न हजार भरेपर्यंत.

मी भाषांतर केलं. ती म्हणाली, पुन्हा सांग.
पुन्हा सांगितलं.
‘म्हणजे मी माझा उद्या विकला?’
प्रश्न मी इंग्रजीत नेला. स्टेनोने टंकला.
उत्तर द्यायला तो कुणाला विचारलेलाच नव्हता.

कंपनीचे वकील चष्मा पुसत म्हणाले,
कर्जाच्या व्याजाला या राज्यात वेसण आहे,
शेकडा पंचविसाच्या वर गेलं तर गुन्हा.
पण हे कर्जच नव्हे, तर व्याज कुठलं?
कुणी टोमॅटो स्वस्तात घेतले
म्हणून त्याला कुणी सावकार म्हणत नाही.

रोज सकाळी सहाला चारशे दहा.
शनिवार-रविवार सोडून. त्या दिवशी बँक झोपते,
बेकरी नाही.
जानेवारीत बर्फाने तारा तोडल्या, सोमवार ते गुरुवार वीज नाही.
तिने भट्टीत हात घातला तर आतून थंडी आली.
चारशे दहा.
चारशे दहा.
चारशे दहा.
चारशे दहा.
आडात नव्हतं. पोहरा मात्र वेळेवर येत राहिला.

न्यायाधीश क्विंबी बाईंनी पान उलटलं.
विक्री घटली तर रक्कम घटवायची सोय?
होती, कलम नऊ.
मागितली?
सतरा ईमेल.
उत्तर आलं?
एक. ‘कागदपत्रं अपुरी.’
आणि बेकरी बुडाली असती तर?

वकील म्हणाले, तर अर्थातच तोटा आमचा.
मग हे राहत्या घरावरचं हमीपत्र कशाला, बाईंनी विचारलं,
आवाज न चढवता, जसं कुणी विचारतं
हा जास्तीचा स्क्रू कुठला उरला.

वकिलांनी फाइल शोधली. फाइल समोरच होती.
‘ज्याने उद्या विकत घेतला,’ बाई म्हणाल्या,
‘त्याच्या वाट्याला उद्याची धाकधूकही आली पाहिजे.
ती विकणारीकडेच राहिली असेल,
तर नेमकं विकलं काय?’

हे वाक्य मी पलीकडे नेलं, दोन्ही हातांनी.
धाकधुकीला तिच्या भाषेत चटकन शब्द सापडेना,
क्षणभर थांबलो. सेनाडाने मान हलवली,
शब्द यायच्या आधीच.

निकाल राखून ठेवला.
कॉरिडॉरमध्ये तिने पर्समधून कागदात गुंडाळलेलं,
अजून कोमट, चीजचं बुरेक काढलं.
म्हटलं, मला पक्षकाराकडून काही घेता येत नाही.
ती म्हणाली, पेन दे.
आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:
हे बुरेक नव्हे.

घेतलं की नाही, ते मी इथे नोंदवत नाही.