कितवा चंद्र

ओलिकोरो म्हणतो, हा अकरावा.
छे, बारावा लागला की, म्हणतो त्याचा मेहुणा.
बिकालुमी दगडावर ज्वारी भरडता भरडता
दोघांनाही वेड्यात काढते.

आमच्यात हे असंच.
लिहिलेला महिना कुणाकडेच नाही,
भिंतच नाही, तर टांगणार कुठे?
चंद्र सगळ्यांना एकच दिसतो
आकडा मात्र ज्याचा त्याचा.

भांडण मिटवायची घाईही नसायची.
मावळतीला, ओमोच्या अंगाला,
इमाई नावाचा तारा तिन्हीसांजेला दिसेनासा झाला
की नदी चढायची
आणि काठावरचं गवत, त्याचंही नाव इमाईच,
आडवं निजवून जायची.
मग म्हातारे म्हणायचे, बघा, मी म्हणत नव्हतो?
सगळेच म्हणायचे. चुकलेले जरा जास्त मोठ्यानं.
जास्तीचा मोजलेला महिना
गुपचूप पाण्यात सोडून द्यायचा,
आणि पूर ओसरला की काळ्या, गार चिखलात
काठीनं भोक, भोकात चार दाणे, वर टाच.

वर डोंगरात भिंत बांधलीय म्हणतात.

यंदा इमाई बुडाला, वेळेवर.
गवत उभंच.
ओलिकोरोनं तीन रात्री काठावर काढल्या,
पायाशी खुणेची काटकी रोवून.
नदी वाहत होती, कालच्याइतकीच,
रोजंदारीवर आल्यासारखी.
काटकी कोरडी.

जिंकाच्या शाळेतून सुट्टीला आलेला पोरगा सांगतो,
सरकारचे महिने तेरा,
आणि तेरावा पाचच दिवसांचा, तो आत्ता चालू आहे.
पाच दिवसांचा महिना!
ओलिकोरो खोकला येईपर्यंत हसतो.
अरे, त्यात चंद्र मावतो कसा?
पोरगा म्हणतो, चंद्राला तिथे कुणी विचारत नाही.
हसू थांबतं.

आज पुन्हा शेकोटीपाशी तेच:
अकरावा.
बारावा.
पण आवाजात दम नाही. मेहुणा मध्येच म्हणतो,
असेल बुवा अकरावा,
आणि ओलिकोरोला ते शिवी दिल्यासारखं लागतं.
असेल म्हणजे? भांड की!

बिकालुमी आज कुणाला वेड्यात काढत नाही.
बियाण्याचा तुंबा मांडीवर घेते,
कानाशी नेऊन हलवते,
आत किडे लागलेत का ऐकते.
म्हणते, आकडा राहू दे तुमचा.
पेरू कधी, तेवढं सांगा.