खोक्यावरचं अक्षर

मदत कशी जाते ते मला ठाऊक नाही.
तिच्यावर काय लिहितात, ते ठाऊक आहे.
उंची दहा सेंटिमीटर, रंग निळा, न पुसणारा,
खोक्याच्या दोन्ही लांब बाजूंना.
परिशिष्ट चार.

मकरपुऱ्याच्या गोडाऊनमध्ये चार हजार दोनशे खोकी:
पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, ताडपत्र्या, सलाईन.
कुठल्याशा डोंगराळ देशात अकरा दिवसांपूर्वी
जमीन हलली होती.
त्यातले नऊ दिवस फाइल चालत होती.
अवस्थीसाहेब म्हणाले, ही तर धावली.
दिल्लीच्या एजन्सीचे. खिशात तीन पेनं,
एक मंजुरीचं, एक हरकतीचं,
तिसरं कधी उघडलेलं पाहिलं नाही.

दर शंभरावं खोकं फोडायचं, मोजायचं, पुन्हा चिकटपट्टी.
एकात दोन स्ट्रिप जास्त निघाल्या.
अर्धा तास गेला.
कमी पडल्या तर काय, त्याचा नियम होता,
जास्तीचा नव्हता.
“जवा दो ने, साहेब,” रमीलाबेन म्हणाली,
“कुणीतरी पिईल तिकडे.”

माझ्या हातात एक झेरॉक्स आली.
वर इंग्रजी, मधे हिंदी, खाली त्या लोकांची लिपी.
काय लिहिलंय?
वर आहे तेच, साहेब म्हणाले. भारताच्या जनतेकडून.
दांडिया बाजारात चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या मी,
मराठी, गुजराती, एका अत्तरवाल्याची उर्दूसुद्धा.
पण न वाचता अक्षर काढायचं म्हणजे
परक्या घरात, अंधारात, उठून पाणी पिणं.
हाताला लागलेलं भांडं कुणाचं, कोण सांगणार.

रात्री दोनपर्यंत पत्रा कापत बसलो.
शेवटून तिसरं अक्षर पुसट होतं.
त्याचं शेपूट उजवीकडे की डावीकडे?
साहेबांनी दिल्लीला विचारलं, दिल्लीने मंत्रालयाला.
उत्तर सोमवारी येणार होतं.
विमान रविवारी होतं.

मी उजवीकडे वळवलं.
आठ हजार चारशे वेळा, कारण बाजू दोन.

बिल आठ महिन्यांनी निघालं, दोन टक्के कापून.
कारण: विलंब.
कुणाचा, ते लिहिलेलं नव्हतं.
पैशाचं सोडा. मला ते शेपूट झोपू देईना.
शिवी तर नसेल झाली?
एखादी बाई लेकरू ताडपत्रीखाली ठेवून
बाहेर आली असेल, आणि समोर आमची जनता
भलतंच काही बोलत असेल तिला.

मग एका ऑगस्टात विश्वामित्री आमच्या मुजमहुड्यात शिरली.
कमरेएवढं पाणी. दुसऱ्या दिवशी होडी आली,
जिन्यावरून हात लांब करून मी पिशवी ओढून घेतली.
थेपले होते, पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्या.
पिशवीवर काही छापलेलं होतं.
चाळीस वर्षांचा पेंटर मी,
दिसेल ती पाटी वाचणारा,
ती पिशवी मी चौथ्या दिवशी वाचली,
गच्चीत वाळत टाकली तेव्हा.
दात्याच्या नावातला एक काना गळला होता.
मला हसू आलं. थेपले केव्हाच संपले होते.

पुढच्या वर्षी अवस्थीसाहेब परत आले,
समाप्ती अहवाल घेऊन. पुरवठादाराची सही, पान छत्तीस.
तक्त्यात एक रकाना होता: मजकूर सुवाच्य होता का?
पुढे ‘होय’, आधीच टाइप केलेलं.
सही करताना पान उलटलं, आणि फोटो दिसला.
दगडाच्या भिंतीशी माझं एक खोकं, आडवं टाकलेलं,
आत कोंबडी, अंड्यांवर बसलेली.
निळा रंग तसाच होता, जराही उडालेला नव्हता.
आणि शेवटून तिसऱ्या अक्षराचं शेपूट
कुणीतरी कोळशाने
डावीकडे वळवलं होतं.

साहेबांना दाखवलं.
त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं,
तिसऱ्या पेनाचं टोपण काढलं,
कागदावर टेकवलं,
आणि पुन्हा लावलं.

घरी येऊन मी तो पत्रा शोधला.