झारेकरी

तांब्याचा गडू लाल फडक्यात,
फडक्याच्या आत वर्तमानपत्र.
गडू रिकामा करून माणसं निघून गेली,
सटाण्याकडची असावीत.
कागद पायरीवर राहिला, ओला.
मी उन्हात पसरला, वर गोटा ठेवला,
वाळला तेव्हा वाचला.

मिसर देशात राजाची कबर सापडली.
शोधत होते राणीला, निघाला राजा.
आणि राजाही आत नव्हता.
पुरल्यावर थोड्याच वर्षांत पाणी शिरलं म्हणे.
वाळवंटात. पाणी!
मग कुणीतरी त्याला उचलून दुसरीकडे हलवलं.
मागे उरलं छताचं निळं, त्यावर पिवळ्या चांदण्या,
आणि फुटक्या बरण्यांच्या कपच्या.
एकीवर त्याचं नाव.

मला हसू आलं. पाणी शिरणं आम्हाला काय सांगता.
गोदा दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागली
की आम्ही सराफ बाजाराकडे डोळे लावून बसतो.
दुकानांतली धूळ धुऊन खाली येते,
पाणी ओसरलं की गाळ आमचा.
बाप चिमटीतला कण जिभेवर ठेवायचा:
पितळ तुरट लागतं,
सोनं लागतच नाही.

बातमीच्या चित्रात एक माणूस उकिडवा बसलेला,
हातात चाळणी, डोक्याला फडकं,
थेट आमचा निवृत्ती.
खाली त्याचं नाव नव्हतं. साहेबाचं होतं.
काय रोज पडत असेल त्याला?
आणि सापडलेला मणी गालात लपवत असेल का तो,
माझी आजी लपवायची तसा?

तिकडे हाडं राहावीत म्हणून डोंगर पोखरला.
इथे राहू नयेत म्हणून लोक गाडी करून येतात.
रामकुंडात विरघळतात, गुरुजी सांगतात.
मी मध्ये बोलत नाही.
मी कमरेएवढ्या पाण्यात असतो.

काल बुडी मारली तर हाताला स्टीलची पट्टी लागली,
सहा भोकांची, दोन स्क्रू अजून जागेवर.
मांडीतली असणार.
कडेला बारीक नंबर कोरलेला.
भंगारवाला म्हणाला, एवढ्याशाचं काय वजन करू.
घरी नेली तर बायको उंबऱ्याच्या आत घेईना.

म्हणून ती इथेच आहे,
तिसऱ्या पायरीखालच्या फटीत.
नंबर पाठ झालाय माझा.
कुणी विचारत आलंच तर सांगेन,
या गृहस्थांचा उजवा पाय दुखायचा, थंडीत जास्त.
डावाही असेल.
पण मला आपलं वाटतं, उजवाच.