हातचा मंगळवार

फालेओलो ते पांगोपांगो : दीडशे किलोमीटर, चाळीस मिनिटं.
वाऱ्यानं मनावर घेतलं तर सदतीस.
निघणं बुधवारी सकाळी आठला,
पोचणं मंगळवारी, आठ चाळीसला.
पाटीवर तसंच छापलंय. छपाईची चूक नाही.

पूर्वी दोन्हीकडे एकच वार असायचा.
मग एका डिसेंबरात सरकारनं तारखेची रेघ उचलली
आणि आमच्या पश्चिमेची पूर्वेला नेऊन ठेवली.
आम्ही गुरुवारी झोपलो, शनिवारी उठलो.
शुक्रवारचे मासे कुणी पकडले नाहीत.

विमान लहान. माणसांचंही वजन करावं लागतं.
ते माझं काम.
पर्यटक काट्यावर पोट आत ओढतात,
वाढदिवस दोनदा करायचा म्हणून केक घेऊन येतात,
केक सामानात धरायचा की माणसात, यावर हुज्जत घालतात.
मी हसतो. पगारात हसणंही आलं.

फुआतिनो आली तेव्हा कुणी हसत नव्हतं.
ब्याण्णव किलो.
पिशवी साडेसहा.
काखेत गुंडाळलेली बारीक विणीची चटई, आईच्या हातची,
मयताला न्यायची. तिचे पैसे मी लावले नाहीत.
"मालाकी गेला," ती म्हणाली. "तिकडे. पहाटे चारला."
तिकडे म्हणजे मंगळवारी पहाटे.

मग तिनं पाटी वाचली, ओठ हलवत,
पोर पाढे म्हणतं तशी.
"म्हणजे मी उतरेन तेव्हा मंगळवारच असेल?"
"हो."
"काल मंगळवारी त्याचा फोन आला होता.
माझे हात पिठात होते.
म्हटलं, करीन उद्या."

मला सांगता आलं असतं, बाई,
तुझ्या त्या मंगळवारी त्याच्याकडे सोमवार होता,
आणि तुला मिळतोय तो मंगळवार
वापरलेला आहे, पहाटेपासून.
बेरजेत हातचा धरतात तसा
नुसता धरायचा, खर्चता येत नाही.
पण मागे रांग होती.
मी म्हणालो, "खिडकीची जागा देतो."

तिला पहिल्यांदाच घाई झालेली दिसली.
धावपट्टीवर चटई सावरत
ती अक्षरशः पळत गेली,
जणू चार तासांचा उशीर
दीडशे किलोमीटरांत भरून निघणार होता.

परतली ती शुक्रवारी संध्याकाळी बसून
शनिवारी संध्याकाळी. हातचा फेडून.
काखेत दुसरीच चटई, तिकडच्यांनी दिलेली,
कडेला लाल पिसं.
माझ्याकडे बघून मान हलवली.
म्हणाली, "तिकडे अजून शुक्रवार आहे,"
एवढंच,
आणि टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून भांडायला लागली.

उतरणाऱ्यांना आम्ही काट्यावर चढवत नाही.
तसा नियम नाही.
तिला मात्र एकदा चढवून बघावं, असं वाटलं.